शाब्दिक वर्तनाच्या संशोधनामागील अनुदाने आणि पुरस्कार

तहानलेले मूल ‘पाणी’ म्हणते तेव्हा ती मागणी असते. तेच मूल नदीकडे बोट दाखवून ‘पाणी’ म्हणते तेव्हा ती केवळ नोंद असते. आईने उच्चारलेला शब्द त्याने परत उच्चारला तर ते अनुकरण, आणि ‘आपण काय पितो?’ या प्रश्नाला ‘पाणी’ असे उत्तर दिले तर तो शब्दाला शब्दाने दिलेला प्रतिसाद. शब्द एकच, परंतु तो उच्चारला जाण्याची कारणे आणि त्याचे परिणाम भिन्न आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी या चार प्रकारांना अनुक्रमे मँड, टॅक्ट, एकोइक व इंट्राव्हर्बल अशी नावे दिली. त्यांचा ‘व्हर्बल बिहेविअर’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. मराठीत यासाठी ‘शाब्दिक वर्तन’ हा शब्दप्रयोग करता येतो, मात्र तो काहीसा अपुरा आहे. स्किनर यांच्या व्याख्येत खुणांची भाषा, हावभाव आणि लेखन यांचाही समावेश होतो.

या ग्रंथाची सुरुवात १९३४ मध्ये झाली. स्किनर त्या वेळी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘सोसायटी ऑफ फेलोज’ या संस्थेचे पाठ्यवृत्तिधारक होते. तेथील एका भोजनप्रसंगी तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांनी त्यांना आव्हान दिले. मेजावर काळा विंचू पडत नसताना, तो पडत नाही असे वाक्य मनुष्य का उच्चारतो, हे वर्तनशास्त्राने सांगावे, असा त्यांचा प्रश्न होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी स्किनर यांनी ग्रंथाचा आराखडा करावयास घेतला. ग्रंथ पूर्ण होऊन प्रकाशित होण्यास मात्र २३ वर्षे लागली.

या विलंबाचा पैशाशी निकटचा संबंध आहे. ग्रंथलेखनासाठी गुगनहाइम पाठ्यवृत्ती १९४२ मध्येच मंजूर झाली होती, परंतु महायुद्धामुळे ती लांबणीवर पडली. त्या काळात मिनेसोटा विद्यापीठात असलेले स्किनर कबुतरांना बॉम्बची दिशा राखण्याचे शिक्षण देत होते. या प्रकल्पाला ‘जनरल मिल्स’ या पिठाच्या कंपनीने प्रथम ५ हजार डॉलर दिले, पुढे सरकारकडून २५ हजार डॉलर मिळाले. कबुतरे कामात चोख होती, तरीही युद्धात त्यांचा उपयोग कधीच झाला नाही आणि १९४४ मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. त्यानंतर १९४४-४५ मध्ये पाठ्यवृत्तीचे वर्ष उपभोगून स्किनर पुन्हा भाषेकडे वळले. १९४७ मध्ये त्यांनी हार्वर्ड येथे याच विषयावर विल्यम जेम्स व्याख्याने दिली. त्यांच्या चक्रमुद्रित प्रती ग्रंथ निघण्यापूर्वी कित्येक वर्षे विद्यार्थ्यांमध्ये फिरत होत्या.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दोनच वर्षांत, १९५९ मध्ये, भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी ‘लँग्वेज’ या नियतकालिकात त्यावर कठोर टीका केली. मूळ ग्रंथापेक्षा ही समीक्षाच अधिक वाचली गेली, असे म्हणणे फारसे चुकीचे ठरणार नाही. तथापि खरी उणीव वेगळीच होती. स्किनर यांचा ग्रंथ हा विवेचनाचा होता, प्रयोगांचा नव्हे. प्रयोग पुढच्यांनी करावयाचे होते, आणि ते होत नव्हते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या ग्रंथाचा हवाला देणारी ८३६ लेखने तपासण्यात आली. त्यांपैकी प्रत्यक्ष प्रयोगनिष्ठ संशोधने अवघी ३१ निघाली.

असे प्रयोग प्रश्नावली वाटून होत नाहीत. एखाद्या मुलाला वस्तूचे नाव सांगता येते म्हणून ती वस्तू मागताही येते का, हे पाहण्यासाठी त्या एकाच मुलासमवेत आठवडेच्या आठवडे बसावे लागते, प्रत्येक उच्चाराची नोंद करावी लागते आणि दुसऱ्या निरीक्षकाकडून ती पडताळून घ्यावी लागते. खर्च अवाढव्य नसतो, पण तो विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणाराही नसतो. यामुळे लहान अनुदानांचे या क्षेत्रातील मोल त्यांच्या रकमेपेक्षा पुष्कळच मोठे आहे.

‘असोसिएशन फॉर बिहेविअर ॲनालिसिस इंटरनॅशनल’ ही या विषयातील प्रमुख संघटना १९७४ मध्ये स्थापन झाली. तिच्याशी संलग्न असलेली ‘सोसायटी फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ बिहेविअर ॲनालिसिस’ ही धर्मादाय संस्था देणग्या स्वीकारून विद्यार्थ्यांना साहाय्य देते. सिडनी व जॅनेट बिजू यांच्या नावाची अनुदाने बालविकासाचा वर्तनशास्त्रीय दृष्टीने अभ्यास करणाऱ्यांसाठी आहेत. सिडनी बिजू हे इंडियाना विद्यापीठात स्किनर यांचे सहकारी होते. वयाच्या शंभराव्या वर्षी, २००९ मध्ये, त्यांचे निधन झाले. संघटनेत शाब्दिक वर्तनासाठी स्वतंत्र अभ्यासगटही आहे. ‘द ॲनालिसिस ऑफ व्हर्बल बिहेविअर’ हे या विषयाला वाहिलेले नियतकालिक १९८० च्या दशकात एका साध्या वार्तापत्रातून उभे राहिले. मोठ्या नियतकालिकांत जागा न मिळणाऱ्या प्रयोगांना त्यामुळे हक्काचे घर मिळाले.

पुरस्काराचे स्वरूप अनुदानाहून निराळे. अनुदान न झालेल्या कामासाठी असते, पुरस्कार झालेल्या कामासाठी. अभ्यासगटातर्फे दिला जाणारा प्रमुख पुरस्कार जॅक मायकल यांच्या नावाचा आहे. मिशिगन राज्यातील कलामाझू येथील वेस्टर्न मिशिगन विद्यापीठात त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ अध्यापन केले आणि स्किनर यांचा दुर्बोध समजला जाणारा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांकडून वाचून घेतला. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. २०१३ चा पुरस्कार त्यांचेच विद्यार्थी मार्क सुंडबर्ग यांना मिळाला. उपरोक्त नियतकालिकाचे संस्थापक असलेल्या सुंडबर्ग यांनी २००८ मध्ये स्वमग्न मुलांच्या भाषिक क्षमता मोजण्याची एक पद्धती प्रसिद्ध केली. मूल किती शब्द जाणते एवढेच ती विचारत नाही. ते मागू शकते का, नाव सांगू शकते का, उत्तर देऊ शकते का, हे ती वेगवेगळे तपासते. शंभर चित्रांची नावे सांगणारे, पण तहान लागल्यावर पाणी मागता न येणारे मूल अशा चाचणीत प्रथमच नीट दिसू लागते, आणि त्याला पुढे काय शिकवावयाचे हे शिक्षकाला ठरवता येते.