तीन चाकांची कुळकथा

भिवंडीहून कल्याणकडे जाताना टेमघर लागते. ठाणे जिल्ह्याच्या मोठ्या भागाला पाणी पुरविणाऱ्या 'स्टेम' प्राधिकरणाच्या नावात शहाडच्या जोडीने या गावाचे नाव गोवले गेले आहे. यंत्रमागांचा खडखडाट, गोदामांकडे वळणारी अवजड वाहने आणि सुताचे कोन किंवा कापडाचे तागे लादून निघालेल्या मालवाहू रिक्षा यांनी हा रस्ता दिवसभर गजबजलेला असतो. त्याच्या कडेला एखाद्या मिस्त्रीच्या दुकानासमोर एक दृश्य वारंवार पाहावयास मिळते. दोघे जण एका बाजूस हात घालतात, रिक्षा अलगद उचलून कुशीवर कलती करतात, खाली जुना टायर सरकवतात, आणि जे काम मोटारीच्या बाबतीत खड्डा खणून किंवा जॅक लावून करावे लागते ते उघड्या उन्हात सुरू होते. ज्या गुणामुळे हे वाहन भरधाव वळणावर उलटते त्याच गुणामुळे ते दुरुस्तीसाठी इतके सोयीचे ठरावे, यात मला तीन चाकांच्या साऱ्या इतिहासाचे बीज दिसते. कारण हे वाहन जन्मापासूनच आपल्या स्वाराला स्वस्थ बसू देत नाही, आणि म्हणून त्याच्यावर जीव लावणारा मनुष्य निव्वळ चालक न राहता हळूहळू कारागीर होत जातो.

या कुळाचा मूळपुरुष कोणता, असे विचाराल तर कार्ल बेंझ याने 29 जानेवारी 1886 रोजी ज्याच्या एकस्वासाठी अर्ज केला ते वाहन तीनच चाकांचे होते. पुढील दोन चाके वळणावर निरनिराळ्या कोनांत फिरवावी लागतात, आणि ही अडचण त्या वेळी त्याला समाधानकारक सोडविता न आल्याने त्याने पुढे एकच चाक ठेवले. म्हणजे आज ज्याला आपण मोटार म्हणतो तिचा आरंभ एका तडजोडीतून झाला. परंतु या इतिहासातील मला अधिक आदरणीय वाटणारी व्यक्ती म्हणजे त्याची पत्नी बर्टा. ऑगस्ट 1888 मध्ये आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन तिने मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास या गाडीतून केला. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या लांब पिनेने मोकळी केली. प्रज्वलनाच्या तारेचे आवरण झिजले तेव्हा पायमोज्याचा पट्टा गुंडाळून काम भागविले. इंधन संपले तेव्हा वीसलोख येथील औषधाच्या दुकानातून ते विकत घेतले. आणि ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजल्यावर एका चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. चढावर गाडी थकते तेव्हा मुलांना ढकलावे लागते, हा तिचा अनुभव पुढे एक जास्तीचा गिअर बसविण्यास कारणीभूत झाला. तीन चाकांच्या वाहनाची देखभाल आणि सुधारणा यांचा पहिला अध्याय अशा रीतीने एका गृहिणीने रस्त्यावर लिहिला, ही गोष्ट आपल्याकडील मिस्त्रींना कोणी सांगावी असे मला मनापासून वाटते.

क्रीडेचा अंश या कुळात आला तो इंग्लंडमध्ये. एच. एफ. एस. मॉर्गन या तरुणाने 1909 मध्ये मॉल्व्हर्न येथील शाळेच्या कर्मशाळेत, तेथील अभियांत्रिकीच्या शिक्षकाच्या साहाय्याने, पुढे दोन आणि मागे एक अशी चाके असलेली हलकी गाडी बांधली. इंजिन मोटारसायकलचे, चौकट नळ्यांची, मागील चाकास साखळी. अशा गाडीवर करही मोटारसायकलइतकाच बसे; तेव्हा मर्यादित मिळकतीच्या हौशी माणसाला वेगाचा आनंद परवडू लागला, आणि गाडी इतकी उघडी, इतकी सुटसुटीत की रविवारची सकाळ तिच्या भागांची जुळवाजुळव करण्यात घालविणे हाच तिच्या मालकीचा मोठा लाभ ठरला. 1913 मध्ये फ्रान्समधील आमियाँ येथील शर्यतीत मॅकमिनीज या चालकाने मॉर्गन गाडीतून, वाटेत थांबून टायरची ट्यूब बदलूनही, सर्वांच्या पुढे मजल मारली. 1930 च्या सुमारास ग्वेंडा स्टुअर्ट या स्त्रीने पॅरिसजवळच्या माँलेरीच्या धावपट्टीवर तशाच गाडीतून ताशी शंभर मैलांची मर्यादा ओलांडली. मधल्या काळात, 1924 मध्ये, ब्रुकलँड्सच्या शर्यतीत झालेल्या एका भयंकर अपघातानंतर तीनचाकींना मोटारींच्या बरोबरीने धावण्यास मनाई झाली होती, हेही येथे नोंदविले पाहिजे.

मॉर्गनची मांडणी आणि आपल्या रिक्षाची मांडणी नेमकी उलट आहे, आणि हा भेद या वाहनावर हात चालविणाऱ्याने आधी समजून घ्यावा. वाहन वळत असता ब्रेक लावला तर त्याचे वजन पुढे आणि बाहेरच्या बाजूस ढळते. मॉर्गनमध्ये नेमक्या त्या कोपऱ्यात चाक आहे; रिक्षामध्ये तेथे काहीच नाही. पुढचे चाक आणि बाहेरचे मागचे चाक यांना जोडणाऱ्या तिरप्या रेषेपलीकडे भार गेला की गाडी कलंडते. म्हणून रिक्षाचा भार जितका मागे आणि जितका खाली, तितकी ती सुरक्षित. टपावर वजन वाढविणारी, आसन उंच करणारी कोणतीही सजावट, मग ती कितीही देखणी असो, या न्यायाने अपराधच समजली पाहिजे.

आपल्या मुलखात हे वाहन आले ते इटलीच्या वाटेने. हेलिकॉप्टरच्या रचनेत हयात घालविलेल्या कोर्रादिनो दास्कानिओ याने पियाज्जो कंपनीसाठी 1946 मध्ये व्हेस्पा स्कूटर घडविली, आणि युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात छोट्या दुकानदाराला माल वाहण्याचे साधन हवे म्हणून 1948 मध्ये त्याच स्कूटरला मागे दोन चाके आणि हौदा जोडून 'आपे' निघाली. त्याच सुमारास, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या नवलमल फिरोदिया यांनी माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा बंद पडावी या तळमळीने रिक्षाला यंत्र जोडण्याचा ध्यास घेतला. 1945 मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने सुरू झालेल्या बजाज संस्थेने आधी अशा दुचाकी-तीनचाकींची आयात आणि 1959 च्या सरकारी परवान्यानंतर त्यांचे उत्पादन असा क्रम धरला. यांतील रिक्षांत इंजिन प्रथम चालकाच्या आसनाखाली असे. 1977 मध्ये ते मागील आसाजवळ गेले, आणि भार मागे असावा हा जो न्याय वर सांगितला त्याला कारखान्यानेच मान्यता दिली.

त्या मागच्या इंजिनाची, विशेषतः जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाची सेवा ही एक स्वतंत्र विद्या आहे. पेट्रोलात ऑइल मिसळूनच त्याचे वंगण होते. ऑइल कमी पडले तर पिस्टन बोअरमध्ये धरतो, जास्त झाले तर सायलेन्सरमध्ये काजळी साचून गाडी गुदमरते. जाणता मिस्त्री प्रथम प्लग काढून त्याचे टोक उजेडाकडे धरतो. तांबूस-करडा रंग दिसला तर मिश्रण बरोबर. ओलसर काळा दिसला तर पेट्रोल किंवा ऑइल अधिक जाते आहे. पांढरट, भाजल्यासारखा दिसला तर हवा कोठून तरी चोरून आत शिरते आहे, आणि तेव्हा गॅस्केट किंवा ऑइल सील तपासावे. मग कार्बोरेटर सोडवून त्याचा जेट तो ओठांशी धरून फुंकतो, आणि पलीकडे उजेडाचा बारीक बिंदू स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा बसवीत नाही. त्या छिद्रात जाड तार घालणाऱ्या उतावळ्या पोराला येथे हमखास बोलणी बसतात. कारण छिद्र केसभर रुंदावले तर पुढे कितीही स्क्रू फिरविले तरी गाडी एका चालीवर स्थिरावत नाही. पुढच्या काट्याचे बेअरिंग, क्लच आणि गिअरच्या तारांचा ताण, तिन्ही ड्रममधील ब्रेकचे लायनर हे सारे याच क्रमाने पाहिले जाते. हे करणाऱ्याला पगार असो वा नसो, हात काळे झालेले असोत वा हौसेने काळे करून घेतलेले असोत, विद्या एकच.

हौसेचा उघड उत्सव पाहावयाचा तर कोल्हापूर-सांगलीकडे जावे. कोल्हापुरात रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरतात. रेक्झिनच्या गाद्या, आरसे, झळाळणारे बंपर, आतील दिवे आणि देवादिकांची चित्रे यांनी मढविलेल्या या गाड्यांचे मालक त्यांचा खिळा न् खिळा पुसून आणतात. सांगलीजवळच्या हरिपुरात यात्रेनिमित्त रिक्षा मागे चालविण्याची शर्यत झालेली आहे. या शर्यतीचे मर्म असे की, उलट धावणारी रिक्षा मांडणीने मॉर्गनसारखी होते, दोन चाके पुढे आणि एक मागे. पण वळविणारे चाक मात्र शेपटीला जाते, त्यामुळे हँडल तसूभर फिरले की गाडीचे अंग हातभर लोटते. असे वाहन सरळ रेषेत ठेवणे हे खऱ्या कसबाचे काम आहे. चेन्नईच्या जगतीश यांनी फेब्रुवारी 2011 मध्ये मुंबईच्या जुहू विमानतळावर रिक्षा एका कुशीवर उचलून केवळ दोन चाकांवर 2.2 किलोमीटर चालविली आणि गिनीज विक्रम केला. कलंडण्याच्या ज्या रेषेची गोष्ट वर आली, तिच्यावर इतका वेळ तोल धरून राहणे म्हणजे या वाहनाच्या स्वभावाचे संपूर्ण ज्ञान होय.

कायद्याचा हात मात्र आखडता आहे, आणि बव्हंशी तो योग्यही आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 चे कलम 52 असे की, नोंदणीच्या दस्तऐवजात उत्पादकाने दिलेला जो तपशील दाखल आहे त्याच्याशी विसंगत फेरफार वाहनात करता येत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ कायम केला. तेव्हा हौशी माणसाने इंजिन किंवा सांगाडा बदलण्यापेक्षा मूळ वाहन मूळ स्थितीत राखण्याकडे आपली कळकळ वळवावी, हेच मला श्रेयस्कर वाटते. पण येथेच एक अन्याय आडवा येतो. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली, तीत दुचाकी आणि चारचाकी यांचाच उल्लेख आहे, तोही खाजगी वापराच्या वाहनांचा. माणसाला माणसाच्या खांद्यावरून उतरविणारी तीनचाकी त्या यादीत नाही. मागे इंजिन असलेल्या पहिल्या रिक्षा 2027 मध्ये पन्नास वर्षांच्या होतील. त्यांतील ज्या थोड्या कोणाच्या पडवीत वा शेडमध्ये अजून शाबूत असतील त्यांना भंगाराच्या वजनात जाण्याआधी हा हक्क मिळावा, आणि त्यासाठी नियमातील 'दुचाकी व चारचाकी' या शब्दांमध्ये 'तीनचाकी' हा एक शब्द घालण्याची मागणी राज्यातील रिक्षा संघटनांनी आता लेखी करावी.