खुकरीपासून शाल्कीपर्यंत : पाण्याखालच्या प्रतिध्वनीची कथा

१/ ९ डिसेंबर १९७१ ची रात्र. दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ‘आयएनएस खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली. खुकरी मुंबईहून निघाली होती ती पाणबुडीच्याच शोधात. मग शिकारीच सावज कसा झाला?

२/ युद्धनौकेचे सोनार पाण्यात ध्वनी सोडते आणि परतणारा प्रतिध्वनी टिपते. समुद्रात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. परंतु जाताना आणि येताना, दोन्ही वेळा तो क्षीण होतो. पाणबुडीला मात्र केवळ कान देऊन ऐकायचे असते. नौकेच्या यंत्रांचा व सोनारचा आवाज तिच्यापर्यंत एकाच खेपेत पोहोचतो.

३/ त्यात खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवण्याचा प्रयोग चालू होता. त्यासाठी वेग कमी ठेवावा लागे, आणि मंदगती नौका हे पाणबुडीचे सोपे लक्ष्य.

४/ पण प्रतिध्वनी उमटतो कशावरून? पाणबुडीचा गाभा म्हणजे पोलादाचा पोकळ नळा. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. केवळ पत्र्याचा नळा चेपून जाईल. म्हणून छपराला वासे द्यावेत तशा त्याला ठरावीक अंतरावर पोलादी कड्या जोडतात.

५/ गुळगुळीत नळ्यावर काटकोनात आदळलेला ध्वनी आल्या वाटेने परततो. तिरपा आदळलेला भलतीकडे निघून जातो. कड्या हा हिशेब बदलतात. प्रत्येक कडी थोडा ध्वनी विखुरते. कड्यांमधील अंतर समान असल्याने काही विशिष्ट वारंवारतांना व कोनांना या लहरी एकमेकींच्या तालात मिसळतात आणि तिरप्या दिशेनेही प्रतिध्वनी ऐकू येतो.

६/ म्हणजे जी कडी आतल्या माणसांचा जीव राखते, तीच शत्रूला त्यांचा ठावठिकाणा सांगू शकते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने काही पाणबुड्यांना ध्वनी शोषणारा रबराचा थर चढवला, तो याच प्रतिध्वनीला दडपण्यासाठी.

७/ भारताने १९८१ मध्ये जर्मनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन कील येथे झाल्या, दोन मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये. नळा किंचितही बेडौल झाला, तर त्याची दाब सोसण्याची शक्ती घटते. त्यामुळे जाड पोलाद वळवणे आणि कड्या अचूक जोडणे ही या कामाची खरी कसोटी होती. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी ‘शाल्की’ नौदलात दाखल झाली. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी.

८/ त्याच गोदीने बुडालेल्या नौकेचे नाव धारण करणारी नवी ‘खुकरी’ही बांधली. १९८९ ते २०२१ अशी सेवा करून ती निवृत्त झाली आणि दीवला सुपूर्द करण्यात आली. जिथे १९४ जण गेले, त्याच समुद्राच्या काठी ते नाव आज पुन्हा विसावले आहे.