कुजवणाऱ्यांचा इतिहास

भंडाऱ्याच्या जंगलाचा इतिहास वाचायला घेतला की साग आणि रेल्वेच भेटतात. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. स्लीपरला न कुजणारं लाकूड हवं, म्हणून साग-साल मौल्यवान आणि बुरशी म्हणजे निव्वळ नुकसान! पण मंडळी, लाकडातलं सिमेंट म्हणजे लिग्निन. ते पुरतं तोडणं पांढऱ्या कुजीच्या बुरशांनाच जमतं. तपकिरी कुजीवाल्या मुख्यतः सेल्युलोजवर ताव मारतात. (आमच्या भाषेत गार्बेज कलेक्टर.) ऐन, धावडा, मोह, प्रत्येकाच्या खोडावरची मंडळी थोडी वेगळी. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातलं नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं. वाघ-बिबट्यांसाठी ठीकच, पण पडलेलं खोड सरपणाला उचललं की या बुरशांचं घरच जातं.