जुना संगणक, नवी विंडोज

कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावांत अनेकांचा संगणकाशी पहिला संबंध आला तो क्लासमध्ये. 2001 साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि विंडोज एक्सपी ओळखीची झाली. पुढे तेच संगणक डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षे राबले. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांत जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये नसल्याने नवी विंडोज टाकणे जिवावर येई, आणि ती धास्ती रास्तच होती.

एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी संपला. तिच्यावरून विंडोज 7 वर थेट जाता येत नसे. फाइली डी ड्राइव्हवर हलवून सी ड्राइव्हवर ती नव्याने टाकावी लागे. तरी अडचण मुख्यतः रॅमची होती. एक्सपी 64 एमबीवर चालत असे, विंडोज 7 ला किमान 1 जीबी लागली.

2021 च्या विंडोज 11 ने मात्र टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर सक्तीचे केले. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक धडधाकट संगणक त्यामुळे यादीबाहेर गेले. त्यावर तोडगा निघाला: ‘रुफस’ या साधनाने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवताना ही तपासणी वगळायची, किंवा रजिस्ट्रीत ‘बायपासटीपीएमचेक’ची किंमत 1 करायची. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की असा संगणक चांगला चालतो, पण पुढील अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज 11 च्या 2024 मधील 24एच2 आवृत्तीला प्रोसेसरमध्ये ‘पॉपकाउंट’ आज्ञा लागते. ती नसलेल्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवर या आवृत्तीसाठी कोणतीही युक्ती चालत नाही. तिथे लिनक्स टाकता येते.