‘तसली’ गाणी, पेटी आणि केसकर साहेब

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

परवा गणपतीच्या तोंडावर शांतता समितीची बैठक झाली. दरवर्षी होते तशीच. मंडप, वीज, मिरवणुकीचा मार्ग झाल्यावर एका ज्येष्ठांनी सूचना मांडली की यंदा मिरवणुकीत फक्त भक्तिगीतं वाजवायची, सिनेमाची आणि ‘तसली’ गाणी बंद. मागच्या रांगेतल्या एका पोरानं विचारलं, “काका, तसली म्हणजे कसली?” हशा झाला, पण उत्तर कुणी दिलं नाही. मग ठरलं की तिघांची समिती गाण्यांची यादी तपासेल. त्या तिघांत पत्रकार म्हणून माझं नाव घातलं.

खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. डीजेच्या विरोधात मी गेली काही वर्षं लिहितोय. शिवाय आवडीनिवडी मलाही आहेत. भीमसेनजी मला कधीही, कितीही वेळ चालतात. कुमारजी पंचविशीत अजिबात कळले नाहीत, चाळिशी ओलांडल्यावर कळायला लागले. हल्लीच्या रिमिक्सनी माझं डोकं उठतं. म्हणजे कात्री चालवायला मी तयारच होतो म्हणा ना. घरी आलो आणि माळ्यावरची आजोबांची पेटी दिसली.

आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ते सांगायचे, रेडिओवर मोठमोठे गवई लागतात, पण मागं पेटी कधीच नसते. त्यांना वाटायचं, थोरांना पेटी लागत नसेल. खरं कारण मला पत्रकारितेचा डिप्लोमा करताना कळलं. १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती! लायोनेल फील्डन हे इंग्रज अधिकारी तेव्हा रेडिओचे प्रमुख होते. जॉन फोल्ड्स हा तिथलाच इंग्रज संगीतकार, त्यानं पेटीविरुद्ध आधीच लिहून ठेवलं होतं. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी नकोशी होती. आक्षेप असा की पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, सप्तकात बारा स्वर. त्यामुळे मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, आणि मूळचं वाद्य परदेशी.

आक्षेप खोटा नव्हता. पेटीवर मींड निघत नाही हे पेटीवाल्यालाही ठाऊक असतं. पण आपल्याकडे तोवर काय घडून गेलं होतं बघा. गोविंदराव टेंबे पेटीवर असं काही वाजवायचे की लोक गाण्याइतकंच पेटीला यायचे. १९११ च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्याच. कीर्तन, भजन, तमाशा, नाटक, सगळीकडे पेटी. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी जमिनीवर बसून वाजवता येईल अशी पेटी बनवली आणि परदेशी वाद्य आपल्या देवळात येऊन बसलं. लोकांनी ते कधीच आपलं करून टाकलं होतं. सरकारी रेडिओला हे मान्य करायला १९७१ उजाडलं. तेव्हा साथीपुरती मोकळीक मिळाली, तीही अटी घालून. गंमत म्हणजे बंदी घालणारा साहेब देश सोडून गेला, स्वातंत्र्य आलं, तरी बंदी तशीच राहिली.

आता केसकर साहेब. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले मराठी माणूस, १९५२ ते १९६२ केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री. शास्त्रीय संगीताचे खरे प्रेमी. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला. रेडिओ संगीत संमेलनंही त्याच काळातली. गवयांना संस्थानिकांनंतर कुणी आधार दिला असेल तर रेडिओनं. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटायची. त्यांनी आधी गाण्यांचा वेळ कापला, मग निवड करायला माणसं बसवली. सिनेमाचं नाव घेणं म्हणजे जाहिरात, म्हणून तेही बंद. निर्माते चिडले आणि त्यांनी परवानगीच काढून घेतली. १९५२ मध्ये आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ गेलीच.

लोकांनी काय केलं? काटा फिरवला. लंकेत महायुद्धाच्या काळातलं ताकदवान प्रक्षेपण केंद्र होतं, रेडिओ सिलोन. तिथं हिंदी गाणी लागायला लागली. १९५२ च्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरात गेला. बुधवारी रात्री आठला हॉटेलांसमोर गर्दी व्हायची, हे आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात. म्हणजे टूथपेस्टच्या कंपनीला जे कळलं ते मंत्रालयाला कळलं नाही! शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. त्याच मंत्रिमहाशयांच्या कारकिर्दीत.

आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र घ्या. १९५१ च्या ‘अलबेला’नं देश नाचवला. शुद्धतावाद्यांच्या यादीत हा माणूस कुठं बसला असता ते वेगळं सांगायला नको. त्याच अण्णांनी चीनच्या युद्धातल्या जवानांसाठी गाणं केलं. २७ जानेवारी १९६३ ला लताबाईंनी ते दिल्लीत गायलं तेव्हा नेहरूंचे डोळे भरून आले. आज प्रत्येक सरकारी कार्यक्रमात ते लागतं. नाचवणारा आणि रडवणारा माणूस एकच.

आता कुणी म्हणेल, केसकरांच्या काळात ‘गीतरामायण’ही झालं की. झालंच. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावर ते चाललं, छप्पन्न गीतं. माझ्या मते मराठी रेडिओनं याहून मोठं काम केलेलं नाही. पण लिहिणारे गदिमा आणि चाली लावणारे बाबूजी, दोघंही सिनेमात मुरलेले! सिनेमावाला आणि भक्तिवाला अशी रेघ त्यांच्यातून कुठून ओढणार?

आमच्या गावात ती रेघ कुठून जाईल हे मला बैठकीतच दिसत होतं. वरच्या आळीतलं नाट्यगीत ‘संस्कृती’त बसेल आणि खालच्या आळीतल्या बँजो पथकाची धून ‘तसली’ ठरेल. प्रल्हाद शिंदेंनी विठ्ठलाचीही गाणी गायली आणि बाबासाहेबांचीही, आवाज तोच. समिती त्यातलं कुठलं ठेवणार, हे विचारायचं मला त्या दिवशी सुचलं नाही, याची लाज वाटते.

आवाजाचं म्हणाल तर तो वेगळा विषय आहे, आणि त्याला कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. दवाखान्याजवळचा शांतता क्षेत्राचा बोर्ड उगाच लावलेला नाही. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका आजींना मिरवणुकीच्या रात्री कानात बोळे घालून बसावं लागलं. त्या भिंतीतून येत होतं ते भक्तिगीतच होतं.

काल ठाण्यात जाऊन यादीच्या समितीतून माझं नाव काढायला सांगून आलो. साहेब म्हणाले, “मग तुम्ही डीजेच्या बाजूचे झालात का?” म्हटलं, नाही. डेसिबल मोजायचं मीटर घेऊन चौकात उभं राहायला माणूस लागला तर सांगा, पहिल्या दिवसापासून विसर्जनापर्यंत येतो. त्यांनी नाव लिहून घेतलंय. मीटर आहे का, ते बघून कळवतो म्हणालेत.