बालसंरक्षण खटल्यांतील सरकारी वकील

बालकांवरील अत्याचाराच्या फौजदारी खटल्यात राज्याच्या वतीने काम चालवणारा वकील. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजेच ‘पोक्सो’ याच्या कलम ३२ प्रमाणे प्रत्येक विशेष न्यायालयासाठी राज्य शासन विशेष सरकारी अभियोक्ता नेमते. त्याला वकिलीचा किमान ७ वर्षांचा अनुभव लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावातून प्रकरण निघाले की त्याला दोन वाटा फुटतात. बालकाच्या निवाऱ्याचा आणि ताब्याचा निर्णय जिल्ह्याची बालकल्याण समिती घेते, तर आरोपीवरचा खटला सत्र पातळीवरील विशेष न्यायालयात चालतो. समितीपुढे सरकारी वकील उभा राहत नाही; तिथे जिल्हा बालसंरक्षण कक्षाचा विधी तथा परिविक्षा अधिकारी असतो. न्यायालयात सरकारी वकील असतो, पण त्याचे अशील राज्य असते, बालक नव्हे. तरीही बालकाचे संरक्षण प्रत्यक्षात घडते ते बरेचसे त्याच्याच हातून, आणि तेही अंतिम युक्तिवादापेक्षा आधीच्या रूक्ष कामातून.

पहिले काम वयाचे. पीडित १८ वर्षांखालील आहे हे सिद्ध झाले नाही, तर पोक्सोचा खटला उभाच राहत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ ने पुराव्याचा क्रम ठरवला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास ग्रामपंचायत वा नगरपालिकेची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे या कलमातला दाखला नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने पी. युवाप्रकाश प्रकरणात २०२३ साली म्हटले. कामासाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबात जन्म घरी झालेला, नाव शाळेत उशिरा घातलेले आणि तारीख अंदाजाने सांगितलेली, असे घडू शकते. अशा वेळी मुख्याध्यापकांना मूळ दाखल-खारीज रजिस्टरासह साक्षीला बोलावून नोंद कशावरून झाली हे वदवून घ्यावे लागते. ही कसर आधीच भरली नाही, तर उत्तम उलटतपासणीही पुढे उपयोगी पडत नाही. दुसरे काम साक्षीचे. पोक्सोच्या कलम ३३ नुसार दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न न्यायाधीशांना देतात आणि न्यायाधीश ते बालकाला विचारतात. आक्रमक प्रश्न व चारित्र्यहनन यांना मनाई आहे. मनाई कागदावर असली तरी हरकत त्याच क्षणी घ्यावी लागते, आणि ती घेणाऱ्याने कागदपत्रे नीट वाचलेली असली पाहिजेत.

यावर आक्षेप असा, की बालकाची बाजू धरणारा अभियोक्ता आरोपीवर अन्याय करील. हा आक्षेप हलका नाही. आरोपीने गुन्हा केला असे धरून चालणारे पोक्सोच्या कलम २९ चे गृहीतक आरोपीविरुद्ध जातेच. पण मूळ तथ्ये सिद्ध करण्याचा भार अभियोगावरच राहतो, आणि वयाचा पुरावा काटेकोर असला तर त्याचा लाभ आरोपीलाही होतो. दुसरा आक्षेप: कलम ४० प्रमाणे कुटुंबाला स्वतःचा वकील मिळतो, ऐपत नसल्यास विधी सेवा प्राधिकरण देते, मग सरकारी वकिलावर एवढी भिस्त का? रेखा मुरारका प्रकरणात, २०१९ साली, सर्वोच्च न्यायालयाने पीडिताच्या वकिलाला स्वतंत्र उलटतपासणी नाकारली. त्याने अभियोक्त्याला साहाय्य करायचे. म्हणजे सुकाणू अभियोक्त्याकडेच. सरकारी वकिलाचे हे वजन वरच्या न्यायालयातही दिसले. दारव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या नागपूर खंडपीठाच्या कक्षेत येते, तिथल्या जानेवारी २०२१ च्या निकालात त्वचेला त्वचेचा स्पर्श झाल्याशिवाय कलम ७ चा लैंगिक हल्ला होत नाही, असे ठरले. त्याविरुद्ध तत्कालीन महान्यायवादी के. के. वेणुगोपाल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द झाला.

खरी अडचण भरपाईत दिसते. पोक्सो नियम, २०२० प्रमाणे गुन्हा नोंदल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाईचा आदेश होऊ शकतो आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत राज्याने ती द्यायची असते. राज्याच्याच तिजोरीतली रक्कम राज्याच्याच वकिलाने मागायची, हे जरा अवघडच. म्हणून हा अर्ज बालकाच्या स्वतंत्र वकिलाने करावा हे बरे. आरोपीविरुद्धचा पुरावा मात्र अभियोक्त्यानेच उभा करायचा.