मोजणीच्या चौकटी आणि स्थलांतरितांचे स्थान : अमेरिकेतील रुमानियन व स्लोव्हेन समाज

दोन स्थलांतरित समाजांच्या सामाजिक व आर्थिक स्थानाची तुलना करावयाची झाल्यास अभ्यासक सर्वप्रथम आकडेवारीकडे वळतो. जनगणना, बंदरावरील नोंदी, शासकीय आयोगांचे अहवाल ही त्याची साधने होत. परंतु हे आकडे ज्या रकान्यांत भरले गेले ते रकाने कोणी, कोणत्या समजुतीने आखले, हा प्रश्न आधी विचारला नाही तर तुलना वस्तुस्थितीची न होता रकान्यांचीच होऊन बसते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत येऊन स्थिरावलेल्या रुमानियन आणि स्लोव्हेन समाजांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

अमेरिकन काँग्रेसने १९०७ मध्ये नेमलेल्या डिलिंगहॅम आयोगाचा अहवाल १९११ मध्ये ४१ खंडांत सिद्ध झाला. १८९९ ते १९१० या काळात दाखल झालेल्या, १४ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या स्थलांतरितांपैकी किती जणांना लिहिता-वाचता येत नव्हते याचे कोष्टक त्यात आहे. त्यात रुमानियनांच्या नावापुढे ३५.० टक्के हा आकडा आढळतो, तर ‘क्रोएशियन व स्लोव्हेनियन’ या जोडनावापुढे ३६.१ टक्के. वरवर पाहता दोन्ही समाज शिक्षणाच्या बाबतीत एकाच पायरीवर उभे होते, असा निष्कर्ष यातून निघतो. प्रत्यक्षात तो टिकणारा नाही.

स्थलांतर खात्याने १८९९ पासून वापरलेल्या वंशसूचीत क्रोएशियन व स्लोव्हेन यांना एकच रकाना मिळाला होता. भाषाशास्त्रीय जवळीक हे त्याचे कारण असावे. पण शालेय इतिहासाच्या दृष्टीने ही दोन वेगळी जगे होती. स्लोव्हेनांची मुख्य भूमी असलेला क्रांज्स्का प्रांत ऑस्ट्रियाच्या अंमलाखाली होता व तेथे १८६९ च्या शालेय कायद्याने शिक्षण सक्तीचे केले होते. क्रोएशिया-स्लाव्होनियाचा कारभार १८६७ च्या तडजोडीनंतर हंगेरीच्या राजमुकुटाकडे गेला होता. या दोहोंची सरासरी काढल्यामुळे स्लोव्हेनांची साक्षरता कागदावर घटली. साक्षरतेच्या या आकड्यांचा पुढे राजकीय वापर झाला, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १९१७ च्या कायद्याने प्रौढ स्थलांतरितांस वाचनाची परीक्षा लागू करण्यात आली, तेव्हा पूर्व व दक्षिण युरोपातील लोकांच्या निरक्षरतेचे हेच चित्र त्यामागे उभे होते.

रुमानियन या नावाची गुंतागुंत याच्या नेमकी उलट आहे. स्लोव्हेन दुसऱ्याच्या रकान्यात दडले, तर रुमानियन या नावाखाली परस्परभिन्न समूह एकत्र आले. महायुद्धापूर्वी अमेरिकेत आलेले रुमानियन भाषक शेतकरी बहुसंख्येने रुमानियाच्या राज्यातून आलेलेच नव्हते. ते ट्रान्सिल्व्हेनिया, बानात आणि बुकोव्हिना येथील, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीचे प्रजाजन होते. खुद्द रुमानियाच्या राज्यातून जे आले त्यांत ज्यूंचे प्रमाण फार मोठे होते. १८७९ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती झाल्यावरही त्यांना नागरिकत्व केवळ व्यक्तिशः, तेही क्वचितच मिळत असे. १९०० च्या सुमारास त्यांचे जथेच्या जथे पायी चालत युरोपातील बंदरांकडे निघाले. ‘अ‍ॅन अमेरिकन इन द मेकिंग’ (१९१७) या आत्मचरित्राचे लेखक एम. ई. रॅव्हेज हे याच लोंढ्यातले. जन्मदेशानुसार केलेल्या गणनेत न्यूयॉर्कच्या शिवणकारखान्यातील ज्यू कामगार ‘रुमानियन’ ठरतो आणि क्लीव्हलंडच्या पोलाद कारखान्यातील रुमानियन शेतकरी ‘हंगेरियन’ ठरतो. १९१० च्या जनगणनेत मातृभाषेचा प्रश्न विचारला गेल्यामुळेच हा घोटाळा काही अंशी उलगडला. त्या गणनेत परदेशी जन्मलेले व त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुले मिळून स्लोव्हेन मातृभाषेचे सुमारे १ लाख ८३ हजार, तर रुमानियन मातृभाषेचे सुमारे ५१ हजार लोक नोंदले गेले.

या दोन समाजांची तुलना एकाच शहराच्या चौकटीत करणे अधिक फलदायी ठरते. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड हे त्यासाठी योग्य स्थळ आहे, कारण दोन्ही समाजांच्या संस्थात्मक जीवनात या शहराला अग्रस्थान आहे. स्लोव्हेनांची वस्ती पूर्वेकडे सेंट क्लेअर रस्त्याच्या दुतर्फा, तर रुमानियनांची पश्चिमेकडे डेट्रॉइट रस्त्याच्या परिसरात. दोघेही खेड्यांतून आलेले, दोघेही पोलाद, तार आणि यंत्रांच्या कारखान्यांत अकुशल कामगार म्हणून लागलेले. आरंभीची मजुरी आणि कामाचे स्वरूप यांत फारसे अंतर नव्हते. तरीही एका पिढीच्या अवधीत दोहोंचे सामाजिक स्थान वेगळे झाले. या फरकाचा उलगडा मजुरीत होत नाही. मिळालेल्या पैशाचे काय करावयाचे, याविषयीच्या दोन वेगळ्या योजनांत तो होतो.

रुमानियन शेतकऱ्याची योजना त्याच्यात प्रचलित असलेल्या ‘मिया शि द्रुमुल’ या वाक्प्रचारात सामावलेली आहे. ‘हजार आणि वाटखर्च’ असा त्याचा अर्थ. हजार डॉलर आणि परतीचे भाडे साठले की गावी जाऊन जमीन घ्यावयाची, हा बेत. १८९९ ते १९१० या काळात आलेल्या रुमानियनांत दहांपैकी सुमारे नऊ पुरुष होते. बायकामुले गावीच ठेवून आलेले हे पुरुष सामाईक खोल्यांत दाटीवाटीने राहत, खाणावळीत जेवत आणि उरलेली कमाई मायदेशी पाठवीत. ट्रान्सिल्व्हेनियात तो पैसा रिचविणारी यंत्रणाही होती. सिबियू येथे १८७२ पासून कार्य करणारी ‘अल्बिना’ आणि तिच्या पाठोपाठ निघालेल्या लहान रुमानियन बँका यांच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या हाती जमिनी येत होत्या. अमेरिकेतील कमाई तेथे केवळ कुटुंबाच्या उपयोगी पडत नव्हती. हंगेरियन राजवटीखाली आपल्या पायाखालची जमीन वाढविणे हा राष्ट्रीय आकांक्षेचाही भाग होता. त्यामुळे क्लीव्हलंडमध्ये गरिबीने राहणारा माणूस आपल्या गावाच्या हिशेबात संपन्न होत असे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञाला दिसणारे ‘खालचे स्थान’ आणि गावकऱ्यांना दिसणारे ‘वरचे स्थान’ ही एकाच माणसाची दोन मापे होती.

स्लोव्हेनांतही आरंभी एकट्या पुरुषांचेच प्राबल्य होते आणि तेही घरी पैसे पाठवीत. मात्र त्यांच्या स्थलांतराचा पाया काहीसा आधी घातला गेला होता. १८३० च्या अखेरीस अमेरिकेकडे निघालेले मिशनरी फ्रेडरिक बारागा यांच्यापासून स्लोव्हेन धर्मोपदेशकांची परंपरा सुपीरियर सरोवराच्या प्रदेशात रुजली होती. पुढे मिशिगनच्या तांब्याच्या आणि मिनेसोटाच्या लोखंडाच्या खाणींत स्लोव्हेन कामगार आले, तेव्हा त्यांना आपल्या भाषेत बोलणारे पाद्री भेटले. ‘अमेरिकान्स्की स्लोव्हेनेत्स’ हे पहिले स्लोव्हेन वृत्तपत्र १८९१ मध्ये शिकागोत निघाले. क्लीव्हलंडमध्ये सेंट व्हायटसचा धर्मपरगणा १८९३ मध्ये स्थापन झाला. कॅथलिक स्लोव्हेनांची विमा व परस्परसाहाय्य संस्था १८९४ मध्ये जोलिएट येथे, तर मुक्तविचारवादी व समाजवादी वळणाची ‘स्लोव्हेन्स्का नारोद्ना पोद्पोर्ना येद्नोता’ १९०४ मध्ये शिकागो येथे निघाली.

या दोन प्रवाहांतील वैर तीव्र होते. पण त्या वैराचा अनपेक्षित परिणाम असा की, प्रत्येक पक्षाने आपले वृत्तपत्र, आपला विमा आणि आपले सभागृह उभारले. सेंट क्लेअर रस्त्यावरील स्लोव्हेन राष्ट्रीय भवन १९२४ मध्ये खुले झाले. त्यापूर्वीच या वस्तीत स्लोव्हेनांच्या स्वतःच्या पतसंस्था व बँक सुरू झाल्या होत्या. यानेझ एव्हांगेलिस्ट क्रेक (१८६५-१९१७) यांच्या प्रेरणेने मायदेशी वाढलेली सहकारी पतपेढ्यांची चळवळ त्यांच्या परिचयाची होती. घर विकत घेण्यासाठी कर्ज, अपघात वा मृत्यू झाल्यास विमा, नाटक-गायनासाठी रंगमंच आणि वाचावयास वृत्तपत्र असे एक संपूर्ण वर्तुळ यातून तयार झाले. पोलाद कारखान्यातील मजूर घरमालक होऊ लागला. घरमालक झालेला माणूस नागरिकत्व घेतो, मतदान करतो आणि मुलांना शाळेत टिकवितो.

रुमानियनांनी संस्था उभारल्या नाहीत असे मात्र नव्हे. क्लीव्हलंडमध्ये ‘कार्पातिना’ ही परस्परसाहाय्य संस्था १९०२ मध्ये, सेंट मेरी हे अमेरिकेतील पहिले रुमानियन ऑर्थोडॉक्स चर्च १९०४ मध्ये आणि सेंट हेलेना हे पहिले रुमानियन ग्रीक-कॅथलिक चर्च १९०५ मध्ये स्थापन झाले. ग्रीक-कॅथलिक पाद्री एपामिनोंदा लुकाचू यांनी १९०६ मध्ये ‘अमेरिका’ हे वृत्तपत्र सुरू केले. संस्था होत्या, सभासद मात्र सतत बदलत होते. स्थलांतरितांपैकी अर्ध्याहून अधिक माणसे परत गेली. १ डिसेंबर १९१८ रोजी आल्बा युलिया येथे ट्रान्सिल्व्हेनियाच्या रुमानियाशी एकीकरणाची घोषणा झाली आणि १९२१ च्या कायद्याने तेथे जमीनसुधारणा आली. ज्यासाठी ‘हजार’ साठवावयाचे, ते आता आपल्याच राज्यात शक्य झाले होते. स्लोव्हेनांच्या बाबतीत १९१८ ने असे आमंत्रण दिले नाही. नवे युगोस्लाव्ह राज्य आकारास आले. पण १९२० च्या रापाल्लो तहाने पश्चिमेकडील स्लोव्हेन प्रदेश इटलीकडे गेला. तेथून आलेल्यांसाठी परतीचे घर परक्या राज्यात गेले होते.

यानंतर १९२४ च्या कायद्याने दार जवळजवळ बंद केले. १८९० च्या जनगणनेच्या आधारे रुमानियाला वर्षाला ६०३ आणि युगोस्लाव्हियाला ६७१ जागा मिळाल्या. १९२९ मध्ये नवे सूत्र लागू होताच हे आकडे अनुक्रमे २९५ व ८४५ झाले. ही विभागणी जन्मदेशावर आधारलेली असल्याने स्लोव्हेन पुन्हा एकदा मोठ्या नावात विरघळले आणि रुमानियाच्या तुटपुंज्या जागांत ज्यू, जर्मन, हंगेरियन व रुमानियन या सर्वांनाच वाटणी करावी लागली.

दुसऱ्या पिढीच्या सार्वजनिक जीवनात या फरकाची फळे दिसतात. क्लीव्हलंडमध्ये स्लोव्हेन आई-वडिलांच्या पोटी १८९५ मध्ये जन्मलेले फ्रँक लॉशे हे शहराचे महापौर, ओहायोचे गव्हर्नर आणि १९५७ ते १९६९ या काळात सिनेटर झाले. फ्रँकी यांकोव्हिच यांच्या पोल्का संगीताला १९८६ मध्ये ग्रॅमी पुरस्कार लाभला. रुमानियनांच्या वाट्याला आलेली कीर्ती वेगळ्या वाटेने आली. नोबेल पारितोषिक विजेते जीवशास्त्रज्ञ जॉर्ज पालादे १९४६ मध्ये, तर शिकागो विद्यापीठातील धर्मेतिहासाचे प्राध्यापक आणि तारुण्यात कोलकात्यात सुरेंद्रनाथ दासगुप्तांपाशी अध्ययन केलेले मिर्चा एलियाडे १९५० च्या दशकात अमेरिकेत आले. हे विद्वान डेट्रॉइट रस्त्यावरील वस्तीतून वर आले नव्हते. ते दुसऱ्या, निर्वासित बुद्धिजीवींच्या स्थलांतराचे प्रतिनिधी होते. १९८९ नंतर आलेले अभियंते व वैद्य हा तिसरा थर. २००० च्या जनगणनेत रुमानियन वंश सांगणारे साडेतीन लाखांहून अधिक आणि स्लोव्हेन वंश सांगणारे पावणेदोन लाखांच्या आसपास निघाले, म्हणजे १९१० चे प्रमाण पूर्णपणे उलटले. पण ही तुलना एकाच समाजाच्या वाढीची वा घटीची नाही. एका नावाखाली अनेक थर साचत गेले. दुसऱ्या नावाचे काही वारस ‘युगोस्लाव्ह’ वा केवळ ‘अमेरिकन’ झाले.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना या सामाजिक इतिहासाचे मोल विशेष आहे, कारण साहित्यनिर्मितीही याच मार्गांनी गेली. क्रांज्स्कातील खेड्यातून १९१३ मध्ये आलेले लुई अ‍ॅडमिक (१८९८-१९५१) यांना न्यूयॉर्कच्या ‘ग्लास नारोदा’ या स्लोव्हेन वृत्तपत्राने पहिला आधार दिला. इव्हान त्सांकार यांच्या कथेचा त्यांनी १९२६ मध्ये इंग्रजी अनुवाद केला आणि ‘लाफिंग इन द जंगल’ (१९३२) व ‘द नेटिव्हज रिटर्न’ (१९३४) या ग्रंथांनी ते अमेरिकन वाचकांचे लेखक झाले. स्थलांतरिताचे अमेरिकेतील स्थान हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय राहिला. ट्रान्सिल्व्हेनियात जन्मून १९०१ मध्ये अमेरिकेत आलेले पीटर नेआगो (१८८१-१९६०) यांनीही इंग्रजीतच लिहिले. पण त्यांच्या लेखनाचा मोठा भाग, ‘ईस्टर सन’ (१९३४) ही कादंबरी धरून, मागे राहिलेल्या खेड्याभोवती फिरतो. या भिन्नतेचे श्रेय केवळ व्यक्तिगत प्रतिभेला देणे अपुरे ठरेल. एका समाजाने जेथे आला तेथेच घर बांधले, दुसऱ्याने साठविलेले घर मागेच उभारले. दोघांच्या लेखणीने आपापल्या घराचा पत्ता दिला.

यावरून निघणारा निष्कर्ष पद्धतीविषयक आहे. स्थलांतरितांचे ‘स्थान’ एकाच देशाच्या मापाने मोजता येत नाही. स्लोव्हेनांचे स्थान सेंट क्लेअर रस्त्यावरच्या घरांत आणि मतपेट्यांत सापडते. पहिल्या पिढीतील रुमानियनांचे ते ट्रान्सिल्व्हेनियातील जमिनींच्या खरेदीखतांत शोधावे लागते. ३५.० आणि ३६.१ या दोन आकड्यांमधील किरकोळ अंतर हे त्या कोष्टकातील सर्वांत दिशाभूल करणारे साम्य होते, आणि अशाच कोष्टकांच्या आधारे पुढे कोणाला आत घ्यावयाचे व कोणाला बंदरावरूनच परत पाठवावयाचे, हे ठरविले गेले.